दोब्रिलाने मागितलेल्या गारा

हवामानवाल्यांचं मला एक कळत नाही. "पश्चिमेच्या डोंगराळ भागात दुपारनंतर गडगडाटी पावसाची शक्यता सत्तर टक्के, काही ठिकाणी गारा" असं सांगून ही माणसं मोकळी होतात. काही ठिकाणी म्हणजे कुठे, ते विचारायचं नाही. आभाळ ज्याच्या डोक्यावर फुटेल त्याला कळेलच, असा सगळा कारभार.

बोलायचा हक्क मला आहे, कारण गारांच्या ढगांवर रॉकेटं सोडायचं काम आमच्या गावात माझ्याकडे आहे. आधी ते माझ्या नवऱ्याचं होतं. तो गेला आणि गळ्यात पडलं माझ्या. घरामागच्या टेकाडावर पत्र्याची एक खोली आहे, तिच्यात वायरलेस, बाहेर लोखंडी नळ्या. रडारवाले दिशा सांगतात, उंची सांगतात, मी नळी फिरवते आणि चावी दाबते. वर ढगात जाऊन रॉकेट फुटतं आणि गारेचं पाणी होतं म्हणे. कधी होतं, कधी होत नाही. होतं तेव्हा लोक देवाला मेणबत्ती लावतात, होत नाही तेव्हा माझ्या नावाने बोटं मोडतात.

पण सांगायचंय ते माझं नाही, दोब्रिलाचं.

दोब्रिला माझी शेजारीण. तिचं अंगण आणि माझं टेकाड यांच्यामध्ये फक्त एक कुंपण, तेही मोडकं. ती मोरावा नदीच्या पलीकडून लग्न होऊन आली, तेव्हा तिच्याकडे एक ट्रंक होती आणि एक जीभ. ट्रंक लवकरच मोडली, जीभ अजून आहे. नवरा व्हितोमिर सरळ माणूस, आलुबुखाऱ्याच्या बागेवर खूश. तो छातीच्या दुखण्याने अचानक गेला तेव्हा पोरगा शाळेत जात होता. दोब्रिलाने दोन हिवाळे वाट पाहिली आणि मग त्या उतारावर रासबेरी लावली. एकटीने खांब ठोकले, एकटीने तारा ओढल्या. गावातले पुरुष कुंपणाला टेकून बघत उभे असायचे. एकाने विचारलं, "वहिनी, खांब वाकडा जातोय की काय?" ती म्हणाली, "खांब सरळच आहे. तू टेकून उभा आहेस ना, म्हणून तुला जग वाकडं दिसतंय."

अशी बाई. नाकावर माशी बसू द्यायची नाही. रासबेरी तोडताना कमरेला डबा बांधायची आणि दोन्ही हातांनी तोडायची. पिचकलेलं एक फळ पेटीत दिसलं तर मजुरीच्या बायकांना ऐकवायची आणि मग जेवायला त्यांना स्वतःच्या आधी वाढायची. सगळ्या बायका आधी तिच्याकडेच यायच्या कामाला, मग बाकीच्यांकडे.

तिच्या पोराचं नाव मी ठेवलं. आमच्यात बाप्तिस्म्याच्या वेळी नाव आईबाप ठेवत नाहीत, पोराला हातावर घेऊन उभी राहणारी ठेवते, आणि त्या दिवसापासून ती त्या घराची होते, रक्ताच्या नात्याहून जवळची. मी त्याचं नाव रादोश ठेवलं. तेव्हा दोब्रिला म्हणाली होती, "बरं आहे. हाक मारायला सोपं आहे."

दोन वर्षांपूर्वी, वसंतात, डोंगरावरचा बर्फ एकदम वितळला आणि मोरावा दुथडी भरून धावायला लागली. रादोश काठाला बांधलेली नाव सोडवून वर ओढायला गेला. नाव तीन गावं खाली पुलाच्या खांबाला अडकलेली सापडली, उलटी. रादोश सापडला नाही. पाणबुडे आले, सगळं गाव काठाने काठ्या घेऊन फिरलं, मीही फिरले. नदी उतरली, चिखल वाळला, तरी नाही.

दोब्रिलाने घरी येऊन त्याच्या कपाटाचा खण उघडला. पासपोर्ट नव्हता.

पोराला व्हिएन्नाला जायचं होतं, हे खरं. आमच्याच गावच्या मिलिसावचा मुलगा तिकडे गवंडीकाम करतो, तो याला बोलावत होता. दोब्रिला म्हणाली, "रोसांदा, नदीवर नाव ओढायला जाणारा माणूस पासपोर्ट कशाला घेऊन जाईल गं?" माझ्या तोंडावर आलं होतं की जाकिटाच्या खिशात राहिला असेल. पण ती ज्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती, त्या डोळ्यांना मी ते सांगू शकले नाही. तेव्हापासून तिच्या लेखी रादोश गेलेला नाही, तो कुठेतरी आहे. रागावलाय, कामात आहे, फोन हरवलाय. मेलेल्यासाठी आमच्यात गहू शिजवून चर्चमध्ये नेतात, तो तिने शिजवला नाही. उलट नवऱ्यामागे इतकी वर्षं बांधलेला काळा रुमाल तिने काढून ठेवला आणि डोक्याला फुलांचा बांधायला लागली, कुणाला वाटू नये की काळा पोरासाठी आहे. सकाळी माझ्याकडे कॉफी प्यायला यायची, कप बशीवर उलटा करायची, तळच्या गाळात भविष्य बघतात तसं, आणि त्यात तिला रोज रस्ता दिसायचा. "हे बघ, इथून वळण आहे, आणि हे घर." मी म्हणायची, "दिसतंय." मला काय दिसणार, गाळच दिसायचा.

आता जे सांगते त्याला शहरातली माणसं हसतात. हसोत. आमच्या डोंगरात असं मानतात की गारांचे ढग म्हणजे पांढऱ्या गुरांचा कळप, आणि तो हाकतो तो गावातला बुडून मेलेला माणूस. सगळ्यात शेवटी जो बुडाला तो. कळप गावावर यायला लागला की अंगणात टेबल मांडायचं, त्यावर भाकर आणि मीठ ठेवायचं, कुऱ्हाड धार वर करून ठेवायची, आणि बाईने ढगाकडे तोंड करून त्या माणसाला नावाने हाक मारायची, की बाबा, तुझी गुरं वळव, आमच्या शेतात सोडू नकोस. तो आपला असतो, आपलं ऐकतो. मी रॉकेटं सोडते, रडारवाल्यांचं ऐकते, पण माझ्या आईला असं ओरडताना मी पाहिलंय, आणि ढग वळलेलाही पाहिलाय. त्यात खरं काय आणि योगायोग काय, हे मला विचारू नका.

आमच्या आयांच्या वेळी सिमो नावाचा एक म्हातारा बुडाला होता. कित्येक वर्षं आम्ही त्यालाच हाक मारत आलो. गेल्या उन्हाळ्यात ढग आले, तेव्हाही बायकांनी सिमोलाच हाक मारली. दोब्रिलाच्या जखमेवर मीठ कोण चोळणार? तर त्या दिवशी गारा अशा पडल्या की अर्ध्या गावाची रासबेरी जमिनीत चेंगरली गेली.

मग कुजबुज सुरू झाली. सुरू केली मिलिसावने. त्याचा उतार सगळ्यात मोठा, आणि तोंडही. "सिमोच्या हातात कळप राहिला कुठे आता? नवा गुराखी आला की जुना घरी जातो. आपण रिकाम्या गोठ्याला हाका मारत बसलो." हे दोब्रिलाच्या कानावर गेलं. रविवारी प्रार्थना सुटली तेव्हा ती चर्चच्या फाटकात उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "माझ्या जिवंत पोराला जो कुणी मेलेल्यांत धरून हाक मारील, त्याच्या पोराला एक दिवस तशीच हाक मारायची वेळ येवो." आईचा शाप आमच्याकडे कुणी हसण्यावारी नेत नाही. मिलिसावचा मुलगा परक्या देशात उंच इमारतींवर चढणारा. मिलिसावच्या तोंडचं पाणी पळालं. वर्षभर कुणी चकार शब्द काढला नाही.

यंदा मे महिन्यात रेडिओवर उन्हाळ्याचा अंदाज आला. सरासरीपेक्षा जास्त ऊन. पश्चिमेच्या डोंगरांत जूनच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत वादळी पाऊस नेहमीपेक्षा अधिक, गारांचा धोका अधिक. सगळंच अधिक. फक्त रॉकेटं कमी. जूनमधल्या दोन वादळांना माझी होती नव्हती ती सगळी गेली. दोन्ही वेळा गाव वाचलं, आणि नळ्या रिकाम्या झाल्या. नवीन येणार होती. ती येणारच असतात.

जुलैतला सेंट पीटरचा सण तोंडावर होता. रासबेरी अशी पिकली होती की हात लावला की हातात यायची. त्या सकाळी अंदाज ऐकला, सत्तर टक्के. मी पत्र्याच्या खोलीत बसून आभाळ बघत राहिले. दुपारी पश्चिमेच्या डोंगरामागून तो वर आला. वरून पांढरा, फुलकोबीसारखा, आणि पोटातून हिरवट पिवळा. ज्याने तो रंग एकदा पाहिलाय त्याला टक्केवारी लागत नाही.

वायरलेसवरचा पोरगा म्हणाला, "रोसांदामावशी, थेट तुमच्यावर येतोय."

"येऊ दे. मी काय दगड मारू त्याला?"

"माहीत आहे मावशी. आसऱ्याला जा."

मी खाली उतरले तर दोब्रिलाच्या अंगणात माणसं. तिचं अंगण सगळ्यात उंचावर, तिथून सगळे उतार दिसतात. मिलिसाव टोपी हातात घेऊन उभा होता. मागे पाचसहा बायका, कामावरून तशाच पळत आलेल्या, बोटं लाल. दोब्रिला पायरीवर बसून रासबेरीची पेटी निवडत होती, जणू ती माणसं तिथे नव्हतीच.

"वहिनी," मिलिसाव म्हणाला, "मी कधी तुमच्या दारात काही मागायला आलो नाही."

"तू कुंपणाला टेकायला यायचास."

"चेष्टा नका करू. रॉकेटं नाहीत. गेल्या साली गेलं, यंदाही गेलं तर आम्ही उभे राहणार नाही. मी हाक मारू शकत नाही, का ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही शाप मागे घ्या, नाहीतर..."

"नाहीतर काय?"

"नाहीतर तुम्हीच मारा. तुमचं तो ऐकेल."

मी मिलिसावचा दंड धरला. "लाज वाटते का रे? आईला सांगतोस?" माझा आवाज फाटला. तो माझ्याकडे वळला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढा मोठा माणूस, आणि हनुवटी लहान पोरासारखी हलत होती. म्हणाला, "मग तू मार, रोसांदाताई. नाव तू ठेवलंयस त्याचं." मी त्याचा दंड सोडला. ढग डोंगराच्या माथ्यावर आला होता आणि गडगड थांबतच नव्हती, दगडी जात्यासारखी एकसारखी.

दोब्रिलाने पेटी बाजूला ठेवली. उठली. एप्रनला हात पुसले आणि एकेकीच्या तोंडाकडे बघितलं.

"टेबल आणा," ती म्हणाली.

कुणाला खरंच वाटेना. "आणा म्हणते ना. भाकर आणा, मीठ आणा, कुऱ्हाड लाकडांच्या ढिगावर आहे. सगळं रीतसर करा. मागून कुणी म्हणायला नको की मीठ विसरलं होतं."

मी तिच्याजवळ गेले. "दोब्रिला, नको. चल, घरात चल. पडू देत गारा."

"पडणारच आहेत," ती हळू आवाजात म्हणाली, मला एकटीलाच ऐकू जाईल असं. "तेच तर दाखवायचंय. मी हाक मारीन आणि गारा पडतील. कारण वर तो नाहीच. माझी बाग जाईल, यांची जाईल, जाऊ दे सगळं मातीत. पण मग पुन्हा कुणी तोंड वर करून माझ्या पोराला मेलेला म्हणणार नाही. कळलं?" तिचे ओठ पांढरे पडले होते. माझ्या मनगटावर तिने पकड घेतली होती ती इतकी घट्ट, की दोन दिवस वळ होते. "रोसांदा, पडतील ना गं?"

खाली ज्या उतारावर तिने एकटीने खांब ठोकले होते, तिथे झाडं फळांनी वाकली होती, आणि ही बाई माझ्याकडे गारा मागत होती. मी म्हणाले, "पडतील. सत्तर टक्के सांगितलंय." जन्मात पहिल्यांदा मी त्या आकड्याला देवासारखी शरण गेले.

मिलिसावने टेबल मांडलं. भाकर, मीठ, कुऱ्हाड. वारा पडला होता, पान हलत नव्हतं. दोब्रिला टेबलापुढे जाऊन उभी राहिली, ढगाकडे तोंड करून. मला वाटलं ती पुटपुटेल, कशीबशी उरकेल. नाही. शाळेतून उशिरा येणाऱ्या पोराला टेकाडावरून हाक मारायची ना, तशी तिने मारली, छातीतून, लांबवून.

"रादोऽऽश! ए रादोऽऽश! तुझी पांढरी गुरं वळव! आपल्या शेतात सोडू नकोस! पलीकडे ने, दगडांत ने, जिथे कोंबडा आरवत नाही तिथे ने!"

बायकांनी क्रूसाची खूण केली. दुसरी हाक. तिसरी.

टेबलावर टप्पकन काहीतरी पडलं. गार, अक्रोडाएवढी. मग कुंपणाजवळ एक, पायरीवर एक. मिलिसाव खाली बसला, दोन्ही हात डोक्यावर. बायका रडायला लागल्या. आणि दोब्रिलाने टेबलावरची ती गार उचलली, मुठीत धरली आणि माझ्याकडे वळून बघितलं. तिचा चेहरा उजळला होता. दोन वर्षांत मी तिला तशी पाहिली नव्हती. तरुण दिसत होती, शपथेवर सांगते. माझ्याकडे बघून तिने मान हलवली, बघ, सांगितलं नव्हतं?

मग नदीकडून वारा सुटला.

आधी थंड झुळूक, मग जोरात, पाठीमागून. कुंपणावरची चादर उडाली. गारा थांबल्या. दोनचार पावसाचे थेंब आले, तेही थांबले. मी वर बघितलं. ढगाची कड डोंगराच्या धारेवर येऊन अडली आणि हळूहळू, कुणी काठीने वळवावी तशी, दक्षिणेला वळायला लागली. धारेच्या पलीकडे पांढरा पडदा खाली उतरताना दिसला. तिथेही माणसं राहतात, तिथेही बागा आहेत, संध्याकाळी कळलं की झाडांवर पान उरलं नव्हतं. पण त्या घडीला आमच्यापैकी कुणाला त्यांची आठवण झाली नाही. आपलं वाचलं की माणूस असाच.

कुणीतरी चर्चची घंटा वाजवायला धावलं. बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मिलिसाव उठला, धडपडत आला आणि दोब्रिलाचा हात धरून त्यावर ओठ टेकवायला लागला, पुन्हा पुन्हा. "देव त्याच्या आत्म्याला शांती देवो वहिनी, देव त्याला शांती देवो." मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. भल्या माणसाला आपण काय बोलतोय तेही कळत नव्हतं.

टेकाडावरून वायरलेसचा खरखराट ऐकू येत होता. मी धापा टाकत वर पळाले. पोरगा आनंदाने सांगत होता, "मावशी, वारा फिरला, ढग दक्षिणेला गेला, तुम्ही सुटलात." मी तशीच खाली आले आणि तिला दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवलं.

"ऐक माझं. वारा फिरला. रडारवर दिसलंय त्यांना. सत्तर टक्के म्हणजे तीस उरतातच की गं, त्या तिसातलं झालं हे. उन्हाळ्यात दहादा होतं असं. वारा होता तो, दोब्रिला. वारा."

तिने मूठ उघडली. आत नुसतं पाणी होतं, बोटांमधून गळत होतं. तिने ते बघितलं नाही. ती धारेकडेच बघत होती, जिथे ढगाचा शेवटचा पांढरा तुकडा पलीकडे उतरत होता.

"वारा," मी पुन्हा म्हणाले.

तिला माझं काही ऐकूच येत नव्हतं. ती रडली नाही, तिचा आवाजही चढला नाही. उंबऱ्यात उभ्या पोराला दटावतात तशी ती त्या ढगाला म्हणाली, "जन्मात कधी माझं ऐकलं नाहीस. आज कशाला ऐकलंस रे?"